पहिली आफ्रिकी सफारी: मुंबई ते मसाई मारा, तयारीपासून पहिल्या गेम ड्राइव्हपर्यंत

पहिल्या आफ्रिकी सफारीसाठी देश कुठला निवडावा, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: केनिया. टांझानियाचं सेरेंगेटी जास्त विस्तीर्ण आहे, बोत्सवाना जास्त निवांत आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवत फिरता येतं. पण मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात, घड्याळ फक्त अडीच तास मागे करावं लागतं, शाकाहारी जेवणाची चिंता नसते आणि मसाई माराच्या उघड्या गवताळ माळावर नवख्या माणसालाही प्राणी सहज दिसतात. ताडोबाच्या बांबूत वाघाचा एक पट्टा दिसावा म्हणून तासभर गप्प बसलेल्या माणसाला सुरुवातीला हे खरंच वाटत नाही.

म्हणून हा लेख केनियाचा, त्यातही मुख्यतः मसाई माराचा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. सफारी चांगली होते ती गाडीमुळे, गाइडमुळे आणि एका जागी मुक्काम केल्यामुळे. हॉटेलच्या स्टार रेटिंगमुळे नाही, आणि सात दिवसांत किती उद्यानं ‘झाली’ त्यामुळे तर नाहीच.

आधी महिना ठरवा

आपल्याकडे कौटुंबिक सहल शाळेच्या सुट्टीप्रमाणे ठरते आणि नेमकी मे महिन्याची सुट्टी इथे अडचणीची आहे. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. मारातली जमीन बरीचशी काळी, चिकट. पावसात ती चाकं कशी धरून ठेवते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. या काळात दर उतरतात, माळ हिरवागार असतो आणि गर्दी नसते, पण पहिल्याच वेळी हा धोका पत्करू नये.

जुलै ते ऑक्टोबर हा महास्थलांतराचा हंगाम. बारा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (आफ्रिकेतली मोठी हरणं) आणि त्यांच्यासोबत लाखोंच्या संख्येने झेब्रे गवताच्या मागे मागे सेरेंगेटीतून उत्तरेला सरकतात. त्यांतले अनेक कळप मारा नदी ओलांडून केनियात येतात. नदी ओलांडण्याची तारीख कुणीही सांगू शकत नाही. जो ऑपरेटर ‘१२ ऑगस्टला क्रॉसिंग नक्की’ असं म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर स्थलांतराचं शेपूट हाती लागू शकतं. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेला वळलेले असतात.

पण स्थलांतर म्हणजेच मारा, असं धरून चालू नका. सिंह, हत्ती, जिराफ, रानम्हशी, तरस, चित्ते, पाणघोडे तिथे वर्षभर असतात. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून बघावा. कोरडं हवामान, कमी गाड्या आणि निम्मं प्रवेशशुल्क. मला विचाराल तर एका सिंहिणीभोवती चाळीस गाड्या असलेल्या ऑगस्टपेक्षा एका सिंहिणीजवळ दोन गाड्या असलेला फेब्रुवारी कधीही बरा.

उद्यानं कमी, रात्री जास्त

जाहिरातींतला ठरावीक दौरा सात दिवसांत नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा असा सगळा फेरा मारतो. नकाशावर हे जवळ दिसतं. प्रत्यक्षात अंबोसेलीहून नाकुरूला जायचं तर जवळजवळ सगळा दिवस रस्त्यावर जातो. प्रत्येक ठिकाणी एक रात्र असली की रोज सकाळी बॅगा भरायच्या, आणि सकाळची पहिली दोन-तीन तासांची वेळ, म्हणजे सफारीतली सगळ्यात चांगली वेळ, नाश्ता आणि चेक-आउटमध्ये घालवायची.

सात रात्री हातात असतील तर माझी वाटणी अशी: नैरोबीत एक, नैवाशा सरोवराकाठी दोन, मारात चार. नैवाशाला बोटीतून पाणघोडे आणि मत्स्यगरुड दिसतात, शेजारच्या हेल्स गेट उद्यानात सायकलवर झेब्र्यांमधून फिरता येतं आणि तिथूनच दिवसभरात नाकुरू सरोवराचं उद्यान करून येता येतं. नाकुरू गेंड्यांसाठी करायचं. जुन्या फोटोंतले फ्लेमिंगोंचे गुलाबी किनारे डोक्यात ठेवून जाऊ नका, पाण्याची पातळी वाढल्यापासून ते बरेचसे दुसऱ्या सरोवरांकडे गेले आहेत. हत्तींचं आणि किलिमांजारोचं वेड असेल तर नैवाशाऐवजी अंबोसेलीत दोन रात्री घ्या. ५,८९५ मीटरचा तो डोंगर टांझानियात आहे, पण त्याचं रूप दिसतं ते केनियातून. तोही पहाटे आणि संध्याकाळी, एरवी तो ढगात असतो. मारातल्या रात्री मात्र तीनपेक्षा कमी करू नका.

सेरेंगेटीही याच दौऱ्यात जोडावं असा मोह होतो. सीमा शेजारी असली तरी पर्यटकांना मारातून थेट पलीकडे जाता येत नाही. इसेबानियाच्या सीमाचौकीवरून मोठा वळसा पडतो, टांझानियाचा व्हिसा वेगळा, तिथली गाडी वेगळी. तो दुसऱ्या खेपेचा विषय आहे.

ऑपरेटरला काय विचारायचं

दोन मार्ग आहेत: आपल्याकडच्या टूर कंपनीचा ग्रुप, किंवा केनियातल्या ऑपरेटरशी थेट ईमेलवर बोलणी. पहिल्यात मराठी सोबत आणि निर्धास्तपणा मिळतो, दुसऱ्यात स्वतःची गाडी आणि स्वतःचं वेळापत्रक. चार-सहा जणांचं कुटुंब किंवा मित्रमंडळ असेल तर दुसरा मार्ग बहुतेक वेळा सरस ठरतो, कारण गाडीचा खर्च वाटला जातो. थेट बोलणार असाल तर ऑपरेटर ‘काटो’ या केनियन टूर ऑपरेटरांच्या संघटनेचा सदस्य आहे का, ते बघा.

पहिला प्रश्न गाडीचा. वर उघडणारं छत असलेली लँड क्रूझर की व्हॅन? व्हॅन स्वस्त पडते आणि कोरड्या दिवसांत चालूनही जाते, पण चिखलात आणि ओढ्याच्या उतारावर लँड क्रूझरच हवी. दुसरा प्रश्न: प्रत्येकाला खिडकीची जागा आहे का? गाडीत किती जण, हे नेमकं लिहून घ्या. सात आसनांच्या गाडीत सात जण बसले की छतातून उभं राहायला प्रत्येकाची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत. पाच ठीक, सहा ही मर्यादा.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: गाइड कोण? केनियात सफारी गाइडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेते आणि ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देते. सिल्व्हर श्रेणीचा गाइड मागा आणि तोच शेवटपर्यंत राहील याची खात्री करून घ्या. चौथा प्रश्न मुक्काम नेमका कुठे, याचा. ‘मसाई मारा कॅम्प’ असं नाव असलेली जागा अभयारण्याच्या आत असू शकते, गेटबाहेर असू शकते किंवा गेटपासून अर्ध्या तासावरही असू शकते. सेकेनानी, तालेक, ओलोलोलो यांपैकी कुठलं गेट जवळ आणि किती किलोमीटर, हे विचारा.

आणखी एक पर्याय माहीत असू द्या. अभयारण्याला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी संरक्षित क्षेत्रं आहेत. त्यांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. जमीन मसाई कुटुंबांची, ती भाड्याने घेऊन तिथे मोजकेच कॅम्प चालवले जातात. गाड्या कमी, रात्रीची सफारी आणि गाइडबरोबर पायी फेरी शक्य, शिवाय मुख्य अभयारण्यात मनाई असलेलं रस्ता सोडून गाडी नेणं इथे चालतं. महाग आहे, पण चारपैकी दोन रात्री इथे काढता आल्या तर पैसे वसूल होतात.

पैशाचं गणित

२०२४ पासून मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर आहे. म्हणजे दोघांचे ऑगस्टमधले तीन दिवस म्हटले की १,२०० डॉलर फक्त गेटवर. जूनमध्ये त्याचे ६००. कोटेशनमध्ये ही रक्कम धरलेली आहे का, हे आधी बघा. ‘स्वस्त’ पॅकेजचं रहस्य पुष्कळदा इथेच असतं.

तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं, चोवीस तासांचं नाही. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. गेटबाहेर राहत असाल आणि पहिल्या दिवशी दुपारी चारला पोचलात, तर दोन तासांच्या फेरीसाठी पूर्ण दिवसाचं तिकीट पडतं. त्या दिवशी विश्रांती घ्या आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन उजाडल्यापासून मावळेपर्यंत आत राहा. आणि मुक्काम अभयारण्याच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडा, नाहीतर आणखी एक दिवस भरावा लागतो.

भारतातून परदेशी टूर पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण रक्कम तात्पुरती अडकते. दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हॉट एअर बलूनची फेरी माणशी ४५०-५०० डॉलरच्या घरात जाते. हौस असेल तर करा, नसेल तर काही बिघडत नाही.

कागद आणि पिवळा ताप

जानेवारी २०२४ पासून केनियाला जाण्यासाठी व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, लागते. लहान मुलांनाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फोटो, विमानाचं आणि मुक्कामाचं बुकिंग अपलोड करायचं. शुल्क तीस डॉलरच्या थोडं वर. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा, शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या मध्यस्थांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. तीन दिवसांत परवानगी येते असं म्हणतात, तरी दोन आठवडे हातात ठेवा.

खरी गफलत होते ती पिवळ्या तापाच्या लशीत. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ही लस मागत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मागतो तो भारत, परत येताना. केनियातून आलेल्या प्रवाशाकडे या लशीचं पिवळं कार्ड (प्रमाणपत्र) नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. दुबई किंवा अदिस अबाबामार्गे आलात तरी सुटका नाही.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यात मुरगाव इथे अशी केंद्रं आहेत. एका कुपीतून अनेकांना लस द्यायची असल्यामुळे केंद्रांचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात, आधी नोंदणी लागते आणि सुट्टीच्या हंगामात तारीख लवकर मिळत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन जा. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जपून ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, कमी प्रतिकारशक्ती किंवा नऊ महिन्यांखालचं बाळ असेल तर ही लस देत नाहीत. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर विमानाची तिकिटं काढण्यापूर्वी हा प्रश्न मिटवा.

मलेरियाचा धोका मारात आहे. नैरोबी उंचावर असल्याने तिथे कमी. क्लोरोक्विन तिथल्या मलेरियावर चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी तुम्हाला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. पहिली दोन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, तिसरं काही आठवडे आधी, म्हणून आदल्या रात्री डॉक्टरांना फोन करून भागत नाही. प्रवास विमा घेताना विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघा. मारातून नैरोबीचं मोठं रुग्णालय गाडीने पाच-सहा तासांवर आहे.

बॅग

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज घरी ठेवून निघा. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे छत उघडलेल्या गाडीत दात वाजतात आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. त्यामुळे एक जाड जाकीट, कानटोपी आणि एकावर एक घालता येतील असे कपडे. रंग खाकी, मातकट, फिका हिरवा. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात. लष्करी छापाचे कपडे नकोत, आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्यावरून पोलिस अडवतात.

दुर्बीण घ्याच, आणि प्रत्येकाला एक. एकच दुर्बीण घेऊन गेलेल्या कुटुंबात चित्ता दिसल्यावर काय होतं, ते मी पाहिलं आहे. आठ बाय बेचाळीस ही मापाची दुर्बीण बरी. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स असली की पुरे. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी, त्याऐवजी एक रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ किंवा राजमा भरून छताच्या कडेवर ठेवा. ड्रोन नेऊ नका. प्लगला चौकोनी तीन पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं अ‍ॅडॅप्टर लागतं. बऱ्याच कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते, म्हणून पॉवर बँक हाताशी हवी.

आता आपल्या लोकांसाठी खास: प्लॅस्टिकच्या पिशव्या. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर कडक बंदी आहे, दंड मोठा आहे आणि विमानतळावर त्या काढून टाकायला लावतात. चिवडा, लाडू, खाकरे दुकानाच्या कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका. डबे किंवा झिपच्या कापडी पिशव्या वापरा. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक बाटल्यांना अभयारण्यांत मनाई आहे, तेव्हा स्टीलची बाटली.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात जाणार असाल तर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक बॅग त्या विमानाच्या पोटात बसत नाही. जास्तीचं सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवता येतं.

जेवणाचं ओझं मात्र नेऊ नका. शंभराहून जास्त वर्षं भारतीय तिथे राहत आहेत आणि चपाती हा शब्द आणि पदार्थ दोन्ही केनियन घरात रुळले आहेत. मारातल्या चांगल्या कॅम्पमध्ये डाळ, भाजी, भात मिळतो. कांदा-लसूण नको असेल तर आठवडाभर आधी कळवा.

पहिला दिवस आणि पहिली फेरी

नैरोबीत उतरल्यावर सफारिकॉमचं सिम आणि थोडे शिलिंग घ्या. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या हव्यात, जुन्या नोटा तिथे नाकारतात. लगेच माराकडे सुटू नका, रात्र नैरोबीत काढा. सकाळी लवकर निघालात तर माई माहिउच्या घाटात रिफ्ट व्हॅलीचं दर्शन घेत, नारोकला चहा पिऊन दुपारच्या जेवणाला कॅम्पवर पोचता.

पहिल्या फेरीला, म्हणजे गेम ड्राइव्हला, गाडीत बसताच गाइडला सांगा: आम्हाला घाई नाही, पक्षीही बघायचे आहेत, एका प्राण्याजवळ थांबायला आवडेल. हे सांगितलं नाही तर तो गृहीत धरतो की तुम्हाला ‘बिग फाइव्ह’ची यादी पुरी करायची आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, गेंडा ही यादी मुळात शिकाऱ्यांची, पायी मारायला अवघड ते पाच प्राणी. तिच्यात चित्ता नाही, जिराफ नाही. आपल्याकडून नाहीसा झालेला आणि २०२२ मध्ये नामिबियातून कुनोत आणलेला चित्ता इथे उघड्या माळावर, दिवसाउजेडी शिकार करताना बघायला मिळतो. भारतीय माणसाने त्याच्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी.

गाडीत उभं राहायला हरकत नाही, पण बाहेर झुकायचं नाही, ओरडायचं नाही, खाली उतरायचं नाही. लघुशंकेची गरज वेळेत सांगा. गाइड सुरक्षित मोकळी जागा शोधतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या आणि रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, असा नियम अभयारण्याच्या मारा ट्रँगल या पश्चिमेकडच्या भागात आहे आणि तो इतरत्रही पाळावा. गाइडला ‘अजून जवळ घे’ म्हणून टिपेचं आमिष दाखवणारे पर्यटक असतात. दंड आणि परवान्याचा धोका त्याचा असतो, फोटो आपला असतो.

प्राणी शोधायला गाइडवरच विसंबू नका. वारुळावर उभं असलेलं ‘टोपी’ नावाचं हरिण एकटक कुठे बघतंय, ते पाहा. सगळे झेब्रे एकाच दिशेला कान टवकारून उभे असतील तर त्या गवतात काहीतरी आहे. गिधाडं घिरट्या घालत खाली उतरत असतील तर शिकार झालेली आहे. बिबट्यासाठी ओढ्याकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या न्याहाळा, लोंबणारी शेपटी आधी दिसते. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेले असतात, म्हणून पहाटे पहिल्या उजेडात बाहेर पडणं सोडू नका. नाश्ता डब्यात घ्या.

नदीकाठी थांबायची वेळ आली तर तासन्‌तास जाऊ शकतात. हजारो विल्डबीस्ट काठावर येतात, पाण्याकडे बघतात आणि मागे फिरतात. कधीकधी दिवसभर हेच चालतं. गाड्यांनी उताराची वाट अडवली की ते हमखास मागे फिरतात, तेव्हा गाइडने गाडी लांब लावली तर त्याला दोष देऊ नका.

मसाई वस्तीला भेट द्यायची असेल तर माणशी रक्कम आधी ठरवा, ती कुणाला जाते ते विचारा आणि फोटो परवानगीशिवाय काढू नका. गाइडला शेवटी टीप देण्याची पद्धत आहे, माणशी रोज दहा डॉलरच्या आसपास. कॅम्पच्या कर्मचाऱ्यांसाठी बहुधा वेगळी पेटी असते.

परतताना पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत, पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन सामानात नको. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, औषधानुसार सात दिवस ते चार आठवडे. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि केनियाला जाऊन आलो आहोत, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.